डावीकडे जाणारं जहाज

शनिवार, ६ सप्टेंबर. संध्याकाळी ७.

आजपासून नवी वही. (जुनी वही वजन कमी करण्याच्या संकल्पाची होती. चार पानं भरली. तो विषय वेगळा.)

आज मी जुनी नाणी घेतली. चाळीस किलो. दोन पोती, एकगठ्ठा.

भिंगकाकांकडून. काकांचं नाण्यांचं दुकान, गळ्यात कायम भिंग, म्हणून भिंगकाका. म्हणाले, एका जुन्या घराच्या माळ्यावरून आलीत, आजवर कुणी चाळलेली नाहीत. विचारलं, मग तुम्हीच का चाळत नाही? म्हणाले, डोळे गेले हो आता, समोरचा माणूस धड दिसत नाही. फार वाईट वाटलं. पैसे देऊन निघालो तर मागून हाक मारून म्हणाले, शर्टाचं तिसरं बटण लोंबतंय, पडेल. प्रेमळ माणूस.

मला काय हवंय ते स्वच्छ लिहून ठेवतो. जहाजछाप नाणं. सगळ्या जहाजछाप नाण्यांवर जहाज उजवीकडे जातं. एका वर्षी टाकसाळीत कुणीतरी घोळ घातला आणि मूठभर नाण्यांवर जहाज डावीकडे निघालं. चूक लक्षात येईपर्यंत ती लोकांच्या खिशात पोचली होती. माझ्या अल्बममध्ये जहाजछापची सगळी वर्षं आहेत, फक्त हा एक कप्पा रिकामा. लग्न झालं तेव्हापासून, म्हणजे सव्वीस वर्षं. कप्प्यात मी पेन्सिलने त्याचं चित्र काढून ठेवलंय.

संकल्प: अल्बम आज दोरी बांधून कपाटात ठेवला. जहाज मिळेपर्यंत उघडणार नाही. तो कप्पा आता बघवत नाही.

पैसे: बायकोच्या नव्या शिलाई मशीनसाठी बाजूला ठेवले होते ते. तात्पुरते. जहाज सापडलं की एक काय, तीन मशीन घेऊ.

जागा: मागची खोली. एक ऑक्टोबरपासून तिथे बायकोचा शिवणक्लास सुरू होणार आहे. सहा जणींनी फी भरून नावं नोंदवलीत. पण गणित सोपं आहे. नाणी नऊ हजारांच्या आसपास, एकाला सहा सेकंद, एकूण पंधरा तास. सोमवारी खोली रिकामी. बायकोला शब्द दिलाय. तिने पोत्यांकडे बघितलं, खोलीकडे बघितलं आणि विचारलं, मशीनचं काय? म्हटलं, तीन! तर म्हणाली, मला एकच हवं होतं.

रविवार, ७ सप्टेंबर. दुपारी.

सकाळी आठलाच सुरू करणार होतो, पण आधी व्यवस्था हवी. डब्यांना लेबलं लावली: 'जहाज, खात्रीचं', 'जहाज, संशयित', 'मौल्यवान', 'अतिमौल्यवान', 'रद्दी'. ऑफिसात माझं अक्षर प्रसिद्ध आहे, त्यामुळे लेबलांना वेळ लागला. डबे बायकोचे, बटणांचे. तिने विचारलं बटणं कुठे ठेवू. बारीकसारीक गोष्टींत फार अडकते.

अकराला पहिलं पोतं सोडलं. काय वास! ओल्या कुलपासारखा. साडेबारापर्यंत एकशे दहा नाणी झाली. वेग वाढेल.

हात तीनदा धुतले. हिरवे ते हिरवेच.

सोमवार, ८ सप्टेंबर. सकाळी.

ऑफिसला न जाता काम उरकावं म्हणतो. रजेच्या अर्जात कंबरदुखी लिहिली. साहेब फोनवर म्हणाले, काळजी घ्या. मन भरून आलं.

(मी बायकोला 'सोमवारी' म्हणालो होतो. हाच सोमवार असं म्हणालो नव्हतो.)

सोमवार, ८ सप्टेंबर. दुपारी.

दुसरं पोतं खिडकीजवळ, उजेडात सरकवायला गेलो. कंबर गेली. आडवा पडून लिहितोय. निदान अर्ज तरी खोटा राहिला नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर.

उठता येतंय. पडल्या पडल्या विचार केला आणि सगळ्यांचं कुठे चुकतं ते कळलं. लोक नाणी बघतात. बघायचं कशाला? वजन करा!

भिंगकाकांनीच मागे सांगितलं होतं: बाजारात डावी जहाजं खूप फिरतात, नव्वद टक्के नकली. खऱ्याची खूण म्हणजे वजन. त्या घोळाच्या वर्षी पत्रा पातळ आला होता, म्हणून साधं जहाज साडेचार ग्रॅम भरतं आणि खरं डावं सव्वाचार. म्हणजे काट्यावर ठेवा, सव्वाचार आलं तरच नजर टाका. बाकी सरळ रद्दीत. डोळ्यांवर विसंबतो तो हौशी. मी बावीस वर्षं वजनमापे कार्यालयात आहे. उभ्या बाजारपेठेचे काटे आमच्या धाकात असतात.

काटाही हाताशी आहे. जप्तीच्या मालाची कोठडी आणि तिची नोंदवही माझ्याच ताब्यात. तिथे एका सराफाचा छोटा डिजिटल काटा नुसता धूळ खात पडलाय. आज ऑफिसला जाऊन डब्याच्या पिशवीतून घरी आणला. त्याला लाल लाखेचं सील होतं, ते अलगद काढलं. परत चिकटवता येईल.

रविवार, १४ सप्टेंबर. संध्याकाळी.

काय काटा आहे! सोनाराकडचा तो सोनाराकडचाच. शंभर जहाजं ठेवली, शंभरही वेळा ४.५०. ना एक कण इकडे, ना तिकडे. झिजलेलं, घासलेलं, कडेला कुरतडलेलं, सगळ्यांना ४.५०. इतका अचूक काटा मी बावीस वर्षांत बघितला नाही.

अजून सव्वाचार आलेलं नाही. म्हणजे आपल्या वाट्याची सगळी खालच्या थरात आहेत.

दुपारी 'अतिमौल्यवान' डब्याचं उद्घाटन झालं. एका बाजूला चाक, दुसऱ्या बाजूला कुठलीतरी लुप्त लिपी, मध्ये चौकोनी भोक. कंबरेची चौकशी करायला मेहुणा आला होता, त्याला दाखवलं. तो म्हणाला, भावोजी, हे सायकल स्टँडचं टोकन आहे, आमच्या कारखान्यात आहेत अजून. मेहुण्याला इतिहासात गती नाही. तरी डबा बदलला. 'मौल्यवान'मध्ये ठेवलं.

बुधवार, १७ सप्टेंबर.

पहिल्या पोत्याचा तळ लागला. जहाज नाही. तळाशी घडी घातलेला कागद. उघडला तर लिहिलंय: 'इथपर्यंत बघितलं. काही नाही.' खाली आठ वर्षांपूर्वीची तारीख.

आधी कागद दोनदा वाचला. मग शांतपणे विचार केला. इथपर्यंत म्हणजे कुठपर्यंत? या पोत्यापर्यंत! म्हणजे त्या गृहस्थाने दुसऱ्या पोत्याला हात लावलेला नाही. उलट ही तर पावतीच मिळाली, की दुसरं पोतं अगदी कोरं आहे.

बायको म्हणाली, अहो, चाळलेली आहेत ती. म्हटलं, अर्धीच. ती कापड कापायला गेली. एक तारखेला चौदा दिवस राहिलेत हे तिने आज दोनदा सांगितलं. मला कॅलेंडर वाचता येतं.

शनिवार, २० सप्टेंबर. सकाळी.

व्यत्यय. ऐन रंगात असताना बायको आत आली. रद्दीच्या डब्यात एकमेकांना चिकटलेली दोन नाणी पडली होती. काळा चिकट थर, काट्यावर दोघांचं एकत्र वजन येणार, मग काय उपयोग, म्हणून मीच फेकली होती. हिने ती कोमट पाण्यात सोडा घालून भिजवली, शिवायच्या सुईने सोडवली आणि एक माझ्यापुढे धरलं. म्हणाली, बघा, याचं जहाज डावीकडे चाललंय.

खरंच डावीकडे होतं. उलटसुलट करून दोनदा बघितलं, खोटं कशाला बोलू. पण माणसाने भावनेच्या भरात वाहून जाऊ नये. काट्यावर ठेवलं. ४.५०. तीनदा ठेवलं. ४.५०, ४.५०, ४.५०.

नकली. काका म्हणाले होते तसंच. तिला शास्त्र समजावून सांगितलं: पत्रा, पाव ग्रॅम, सगळं. तिने विचारलं, नकली आहे तर दुसऱ्याला चिकटून इतकी वर्षं पोत्यात कशाला पडेल?  म्हटलं, तू कापड शीव, वजन माझा विषय आहे. ती म्हणाली, मग मी घेऊ का हे? म्हटलं, घे की, रद्दीतलं हवं ते घे, पडद्याच्या दुमडीत घाल, वजनाने पडदा सरळ पडेल. घेऊन गेली.

उगाच वीस मिनिटं गेली.

बुधवार, २४ सप्टेंबर.

क्लासच्या सहाही जणी खोली बघायला आल्या. दारातच थबकल्या. एकीने विचारलं, भंगाराचा व्यवसाय आहे का? मी त्यांना नाण्यांचा इतिहास थोडक्यात सांगितला. पाऊण तास. दोघी मध्येच घड्याळ बघत होत्या, एकीला शिंका सुरू झाल्या.

त्या गेल्यावर बायकोने वहीतली दोन नावं खोडली. कुणाची ते विचारलं नाही. शिंकांवाली असणार. नाजूक प्रकृतीच्या माणसाने शिवणकामात पडूच नये.

बायकोला म्हटलं, २८ला खोली रिकामी, लिहून घे. म्हणाली, तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे.

रविवार, २८ सप्टेंबर. संध्याकाळी ६.

दुसरं पोतं संपलं.

शेवटचं नाणं: ४.५०.

तळाशी कागद होता. 'हेही बघितलं.' अक्षर तेच.

एकूण मिळकत: जहाजं पाच हजारांवर, सगळी उजवीकडे जाणारी (म्हणजे असणारच, ४.५० होती). बाकी चारेक हजार नाणी इतर छापांची. सायकल स्टँडची टोकनं अकरा. धावण्याच्या शर्यतीचं तिसऱ्या क्रमांकाचं पदक एक. बाटलीची झाकणं सात. कुणाचा तरी दात एक.

चहा कडू लागला. बायको म्हणाली नेहमीसारखाच केलाय.

मंगळवार, ३० सप्टेंबर. सकाळी.

हार मानायची नाही. काही जहाजं घाईत काट्याच्या मधोमध ठेवली गेली नसतील. पुन्हा पहिल्यापासून वजन करणार. दररोज हजार. नऊ दिवस. फार तर दहा.

बायकोला सांगितलं, क्लास दहा दिवस पुढे ढकल. ती उठली. टेप घेऊन स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंतचा पॅसेज मोजायला लागली.

बुधवार, १ ऑक्टोबर.

क्लास पॅसेजमध्ये सुरू झाला. चौघी जणी भिंतीला पाठ लावून ओळीने, मांडीवर कापड. टोकाला बायको आणि तिचं जुनं मशीन. मी कंबरेच्या रजेवर होतो, मला तोंड धुवायला जायचं होतं. आठ गुडघे ओलांडले, 'माफ करा' आठदा म्हणालो.

अकराच्या सुमाराला मशीन कुरकुरलं, दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. मग पट्टाच तुटला. बायको हसत हसत म्हणाली, आज हातशिलाई शिकू. चौघी हातशिलाई शिकल्या. जाताना सगळ्यात मोठी बाई जिन्यात दुसरीला काहीतरी म्हणाली, मला एवढंच ऐकू आलं की 'बिचारी'.

त्या गेल्यावर ही तुटलेला पट्टा हातात घेऊन बसली. मी म्हटलं, शिवून घे, तूच शिवणारी. विनोद होता. ती म्हणाली, शनिवारी सगळ्यांची फी परत करते. आवाज साधाच. वीस वर्षं लोकांचे फॉल आणि बटणं लावून देताना तिच्या मनात हा एकच क्लास होता, हे मला माहीत आहे. तिने रडायला तरी हवं होतं, म्हणजे समजूत काढता आली असती.

लिहून ठेवतो: मी चुकलो. फार चुकलो. (उद्या वाचून बघू, अजून तसंच वाटतं का.)

गुरुवार, २ ऑक्टोबर.

वाचलं. तसंच वाटतं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर. संध्याकाळी.

आज एक मोठं काम केलं. छातीठोकपणे लिहितो: असा त्याग करणारा माणूस मी स्वतःच्या ओळखीत दुसरा बघितलेला नाही.

अल्बम विकला.

पोत्यांना भंगाराचा भाव, त्यात मशीनचं चाकही आलं नसतं. अल्बमचे मात्र पुरेसे येतील असा अंदाज होता. ऑफिस सुटल्यावर भिंगकाकांकडे घेऊन गेलो. दोरीची गाठ मी सोडली नाही. म्हटलं, तुम्हीच सोडा, मला बघवणार नाही. तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभा राहिलो. जहाज मिळेपर्यंत उघडणार नाही म्हणालो होतो, शेवटपर्यंत उघडला नाही. शब्दाला जागलो.

काकांनी डोळे गेलेले असून पान न् पान बघितलं. एका ठिकाणी बराच वेळ पान उलटल्याचा आवाजच आला नाही. मग त्यांना जोराचा ठसका लागला, पाणी प्यायले. म्हणाले, तुम्हीच बोला किंमत. मी मशीनची किंमत सांगितली. वर पट्ट्याचेही धरले. काका हो म्हणाले! सव्वीस वर्षांच्या ओळखीत काकांनी घासाघीस न करता मला नाणं ठेवायचं साधं पाकीट दिलेलं नाही. माणूस भरलेला संग्रह बघतो तेव्हा त्याची बोलती बंद होते ती अशी.

वर म्हणाले, ती पोतीही परत पाठवा, हातगाडीचं भाडं माझं. देवमाणूस.

बायकोला सांगितलं, पोती विकून एवढे आले. अल्बमचं बोललो नाही. उपकार बोलून दाखवणाऱ्यातला मी नाही. पोत्यांची तोंडं बांधायला तिची निळी नाडी घेतली.

सोमवार, ६ ऑक्टोबर.

नवं मशीन आलं. पांढरंशुभ्र, आवाज मांजराच्या घुरघुरीएवढा. खोली धुतली, खिडक्या उघडल्या, तरी कोपऱ्यात थोडा वास आहे. सहा जणी आल्या. हो, सहा! खोडलेल्या दोघीही. बायकोने त्यांना फोन केला होता. शिंकांवाली आज एकदाही शिंकली नाही.

दारात उभा राहून बघत होतो. बायको एकीच्या खांद्यावरून वाकून शिलाई दाखवत होती, तोंडात दोन टाचण्या, त्यामुळे बोलणं अस्पष्ट. सहाही जणी कान देऊन ऐकत होत्या. एवढं कान देऊन माझं कुणी कधी ऐकलं नाही. मला फार बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

संकल्प: नाण्यांचा नाद सुटला. कायमचा. या वहीत आता फक्त वजनाचे आकडे. माझ्या.

बुधवार, ८ ऑक्टोबर. दुपारी, ऑफिसात.

साहेबांनी तो सराफाचा काटा मागितला. खटल्याची तारीख लागली आहे. मी तो कालच परत आणून सील डिंकाने चिकटवून ठेवला होता. साहेब सीलकडे बघून काही बोलले नाहीत, म्हणजे लेखी बोलणार. म्हणाले, प्रमाणित वजनं आणा, काटा सगळ्यांसमोर तपासू.

चार ग्रॅम ठेवले. ४.०० आलं. मनात म्हटलं, बघा, कसा अचूक. सव्वाचार ठेवले. ४.५०. चार आणि एक दशांश ठेवले. ४.५०.

साहेब म्हणाले, हेच ते, वरच्या अर्ध्या ग्रॅमला नेऊन ठेवतो लबाड, म्हणून तर पकडला. नोंदवहीत लिहिलंय ना तसं? मी नोंदवही उघडली. लिहिलंय. 'सदर काटा वजन पुढील अर्ध्या ग्रॅमपर्यंत वाढवून दाखवतो.' अक्षर माझंच. सुंदर अक्षर.

म्हणजे सव्वाचारही ४.५०.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात कंबर लिहिली. घरी निघालो.

बुधवार, ८ ऑक्टोबर. दुपारी ३, घरी.

रिक्षात वही उघडून २० सप्टेंबरचं पान वाचलं. सगळं मीच लिहून ठेवलंय. तारखेसकट. चिकटलेली दोन नाणी, सोडा, सुई. आठ वर्षांपूर्वीच्या त्या गृहस्थालाही ते दिसणं शक्य नव्हतं, जहाजाचं तोंड दुसऱ्या नाण्याला चिकटलेलं होतं. खरंखुरं डावीकडे जाणारं जहाज माझ्या बायकोने माझ्या नाकासमोर धरलं आणि मी म्हटलं पडद्यात घाल.

घरी क्लास चालू होता. हिला खुणेने बाहेर बोलावलं. विचारलं, ते नाणं कुठल्या पडद्यात घातलंस? डॉक्टरांकडून शिवायला आलेल्या, की शेजारच्यांच्या? आत्ता जाऊन उसवतो, कारण काहीही सांगतो, पडदा नवा घेऊन देतो.

ती म्हणाली, पडद्यात कशाला घालीन? अल्बममध्ये ठेवलं.

म्हटलं, कुठल्या अल्बममध्ये?

म्हणाली, तुमच्याच. त्याच दिवशी दोरी सोडून त्या रिकाम्या कप्प्यात ठेवलं आणि परत तशीच गाठ मारली. नकली तर नकली. सव्वीस वर्षं तुम्ही तो कप्पा उघडून बघता आणि मिटता, मलाच बघवत नव्हतं. म्हटलं, कधीतरी उघडाल तेव्हा निदान हसाल तरी. मग म्हणाली, थांबा, आणतेच. आणि कपाटाकडे गेली.

मी इथे पॅसेजमध्ये बसून हे लिहितोय. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. खालचा खण. वरचा खण. आता पुन्हा खालचा. हाक मारून विचारतेय, अहो, तुम्ही कुठे हलवलात का?

गुरुवार, ९ ऑक्टोबर.

काल सांगितलं. सगळं. काटा, सील, काका, ठसका.

मला वाटलं आकाशपाताळ एक करेल. तिने जहाजाबद्दल अवाक्षर काढलं नाही. अल्बम विकलात? मशीनसाठी? हेच तीनदा विचारलं. मग मशीनवरचं कापड उगाच काढलं, उगाच घातलं. म्हणाली, एवढं महागाचं मशीन उभ्या जगात कुणाकडे नसेल. हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. मीही पुसले. पोत्यांच्या धुळीने होतं असं.

शनिवार, ११ ऑक्टोबर. सकाळी.

साहेबांनी सुटी असून ऑफिसात बोलावून मेमो दिला. दोन पानी. सीलवर दीड पान. अक्षर गचाळ.

परत येताना भिंगकाकांच्या दुकानावरून आलो. सहज. रस्ता तोच आहे. काचेच्या कपाटात मधोमध एकच नाणं, खाली मखमल. जहाज डावीकडे. शेजारी, शोभेला म्हणून, माझं पेन्सिलचं चित्र. चित्र हुबेहूब आलंय, हे मात्र मान्य करावं लागेल.

किंमत वाचली नाही. वाचली. वाचायला नको होती.

म्हटलं, काका, हे माझ्या अल्बममधलं. काका म्हणाले, असेल, डोळे गेले, आता कुठलं कुणाचं ते कळत नाही. मग उठून मला आत नेलं, हळू आवाजात म्हणाले, माल आलाय, चाळीस किलो, कुण्या जुन्या घराच्या माळ्यावरचा, अजून कुणी चाळलेला नाही. दोन पोती. तोंडाला निळी नाडी.

म्हटलं, काका, ही नाडी माझ्या बायकोची आहे. काका म्हणाले, मग तुम्हाला घरचा भाव लावू.

एका पोत्याची गाठ चाचपून बघितली. मध्येच मनात आलं, त्या पाच हजार जहाजांची वजनं त्याच लबाड काट्यावर झाली होती. म्हणजे खरं तर एकही बघितलेलं नाही. म्हणजे काका म्हणतात ते एका अर्थी खरंच आहे.

घरी आलो.

रविवार, १२ ऑक्टोबर. सकाळी ११.

बायकोला म्हटलं, पोत्यांबद्दल एक विचार आहे. ती बटणांची मोठी पिशवी घेऊन आली आणि माझ्यापुढे ओतली. सप्टेंबरात मी डबे रिकामे केले तेव्हापासून सगळी एकत्रच पडली होती. उद्या क्लासला लागणार आहेत. म्हणाली, दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी, काटा लावायचा नाही, डोळ्यांनी बघायचं. डब्यांवर माझी लेबलं अजून आहेत. चार भोकांची 'अतिमौल्यवान'मध्ये टाकतोय.

गणित सोपं आहे. बटणं दीड हजार असतील. एकाला दोन सेकंद. पाऊण तास, फार तर एक.

साडेनऊला बसलो होतो. एकशे दहा झाली. वेग वाढेल.